सल्ला हवा: आरव्ही (चाकांवरचं घर) ओढायला ट्रक कुठला? फोर्डचा २५० की ३५०, गॅस (म्हणजे पेट्रोल) की डिझेल?

फ्रिस्कोकर_बाळू

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेला राहतो. घरात मी, बायको, दोन मुलं (९ आणि ६), आणि येत्या उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. आईला हॉटेलचं जेवण दुसऱ्या दिवशीच नकोसं होतं आणि बाबांना दर दोन तासांनी थांबावं लागतं. त्यामुळे आरव्हीचं घाटतंय. शोमध्ये एक ३३ फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायचं ट्रेलर, पाहिलं. मागे मुलांच्या बंकची खोली, पुढे बेडरूम, मध्ये ऐसपैस ओटा. लोड धरून कमाल वजन १२,५०० पौंड. बायकोला ओटा आवडला, म्हणजे तो विषय मिटला.

आता ट्रक. एका डीलरकडे एफ-२५० प्लॅटिनम डिझेल आहे, तीन वर्षं जुना, टकाटक. विक्रेता म्हणतो, हा अठरा हजार ओढतो, तुमचं ट्रेलर म्हणजे किरकोळ. पुरेल ना? ऑफिस सहा मैलांवर, तेही आठवड्यातून दोनदा. बाकी दिवस ट्रक दारातच उभा. पहिली मोठी फेरी कोलोरॅडो, मग यलोस्टोन. देखभालीला काय काय लागतं तेही सांगा. ट्रक या प्रकारात मी अगदी कोरा आहे.

घाटमाथा

बाळू, विक्रेत्याचा अठरा हजारांचा आकडा बाजूला ठेव. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर पिवळी पट्टी असलेला पांढरा स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. तो आकडा म्हणजे त्या एका ट्रकचा पेलोड. माहितीपत्रकातला आकडा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो, तो तुझ्या कामाचा नाही.

फिफ्थ व्हीलचं २० ते २५ टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येतं. १२,५०० च्या २० टक्के धरले तरी २,५००. माहितीपत्रकात 'हिच वेट' (हिच म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा) म्हणून छापतात ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. पाणी, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी भरली की ते उरत नाही. हिच दोनशेच्या आसपास. सहा माणसं, मुलं लहान धरून, सव्वासातशे. कूलर, जॅक, हत्यारं दीडशे. झाले साधारण ३,६००. स्टिकर वाचून ये, मग बोलू.

पॅनहँडल_पाटील

घाटमाथाशी सहमत, पण जरा दमानं. इकडे अमरिलोत अर्धं गाव टू-फिफ्टीवर यापेक्षा मोठी ट्रेलरं ओढतंय. एफ-२५० आणि एक चाकाची (मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेली) ३५० यांची चेसिस बरीचशी सारखीच. कागदावर १०,००० ची मर्यादा ठेवतात ती मुख्यत्वे नोंदणीच्या वर्गासाठी. मागच्या स्प्रिंगला हवेची बॅग टाका नि चला.

घाटमाथा

पाटीलसाहेब, हवेच्या बॅगेनं ट्रकचं बूड वर येतं, पेलोड वाढत नाही. टायर, रिम, अ‍ॅक्सल तेच राहतात. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा वेगळी छापलेली असते आणि फिफ्थ व्हीलला आधी तीच ओलांडली जाते. उद्या अपघात झाला तर समोरच्याचा वकील पहिला फोटो त्या स्टिकरचाच काढेल. आणि बाळूच्या गाडीत आई-बाबा आहेत हो.

पॅनहँडल_पाटील

तो मुद्दा मान्य.

स्वरालीची_आई

मी ट्रकवाली नाही, पण सासू-सासऱ्यांना घेऊन हे सगळं केलंय. दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

एक, आई-बाबांना मागे आरव्हीत आडवं करून न्यायचा विचार असेल तर तो सोडा. टेक्सासमध्ये चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवणं गुन्हा आहे. सहाच्या सहा माणसं ट्रकमध्येच बसणार. म्हणजे पुढे तीन जणांचं बाकडं असलेला ट्रक हवा. प्लॅटिनममध्ये पुढे दोन खुर्च्या आणि मधे मोठा कप्पा असतो, पाचच माणसं बसतात! सहावा कोण राहणार घरी?

दुसरं, चढणं. या ट्रकांची सीट माझ्या कमरेच्या वर येते. सासूबाई पहिल्यांदा चढताना म्हणाल्या, "अगं, हत्तीवर बसवतेस का मला?" दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी आणि खांबाला धरायचं हँडल, दोन्ही बघूनच घ्या. आमच्याकडे शिवाय एक घडीचं स्टूल असायचं.

फ्रिस्कोकर_बाळू

बापरे, पाच सीटचं लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन स्टिकर वाचला: २,१०८ पौंड. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे ते फक्त माणसांसाठी असतं.

घाटमाथा

त्याच्या दुकानातून सरळ बाहेर पड.

२,१०८ येण्याचं कारण साधं आहे. ट्रकचं एकूण कमाल वजन ठरलेलं. डिझेल इंजिन गॅसपेक्षा कितीतरी जड, त्यात प्लॅटिनमचं काचेचं छत, मोटरच्या सीटा, पायऱ्या. जितका थाट तितका पेलोड कमी. ओढायला ट्रक घेताना साधा एक्सएल किंवा एक्सएलटी बघावा, आणि योगायोगानं पुढचं बाकडंही त्यातच मिळतं.

आता तुझ्यापुढे दोन रस्ते. तेच फिफ्थ व्हील हवं असेल तर ३५०. एक चाकाच्या डिझेल ३५० चा पेलोड साडेतीन ते चार हजारांत येतो, म्हणजे तू काठावर. ड्युअली (मागे चार चाकं) घेतलीस तर प्रश्नच नाही. पण ड्युअलीचं कमाल वजन साधारण १४,०००, त्यात ट्रेलरचे १२,५०० मिळवले की २६,००० ओलांडतात. तिथे टेक्सासमध्ये साधं क्लास सी लायसन्स चालत नाही, बिनव्यावसायिक क्लास ए काढावं लागतं, रस्त्यावरच्या परीक्षेसकट.

दुसरा रस्ता म्हणजे मागच्या हिचला जोडायचं बंकवालं ट्रॅव्हल ट्रेलर, २९-३० फुटी, कमाल ८,५०० पौंड. त्याचं १० ते १५ टक्केच वजन ट्रकवर येतं. १३ टक्के धर: ११००. वजन वाटणारा हिच शंभर, माणसं आणि सामान पावणेनऊशे. २,०७५ झाले. गॅसच्या एक्सएलटी २५० चा स्टिकर सहसा तीन हजारांच्या पुढे असतो. हातात हजार उरतात. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

नट_बोल्ट

आला एकदाचा माझा विषय.

बाळू, तुझा आठवड्याचा वापर वाचून मी स्वच्छ सांगतो: डिझेल नको. आजच्या डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट तापावा लागतो, म्हणजे हायवेवर सलग वीस-तीस मिनिटं. तुझं ऑफिस सहा मैलांवर. काजळी साठत राहणार, ट्रक जाळायला सुरुवात करणार, आणि तू गाडी बंद करून ऑफिसात जाणार. असं वर्षभर चाललं की सेन्सर, मग जाळी, मग लिंप मोड, म्हणजे गाडी नुसती रांगते. शिवाय डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण. त्याचं आयुष्य वर्षभर धरा, टेक्सासच्या उन्हात त्याहून कमी. उभ्या ट्रकमध्ये तेही शिळं होतं.

खर्चाचं म्हणाल तर नव्या ट्रकला डिझेलसाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जादा. तेलबदलाला फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलला १३ क्वार्ट तेल लागतं. दोन फ्युएल फिल्टर, एक चेसिसवर आणि एक इंजिनवर. ओढणाऱ्या गाडीला मी पंधरा हजार मैलांवर बदलतो, मॅन्युअल काहीही म्हणो. कारण डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की हाय प्रेशर पंप जातो. बॉशचा सीपी४ पंप तर त्यासाठी बदनामच आहे. तो फुटला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो नि सगळी इंधनाची यंत्रणा बदलावी लागते. रॅमनं २०१९-२० च्या कमिन्स गाड्या त्यासाठी परत बोलावल्या आणि २०२१ पासून जुन्या सीपी३ वर परत गेले. जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेलनं २०१७ मध्येच पंप बदलला.

हे सगळं डिझेलच्या विरोधात नाही. महिन्यातून हजार मैल ओढणाऱ्यानं डिझेलच घ्यावं. तुझं तसं नाही. फोर्डचं ७.३ लिटर गॅस इंजिन घे, तेल वेळेवर बदल, शांत झोप.

पॅनहँडल_पाटील

इथे मात्र मी हटणार नाही. बाळू कोलोरॅडोला जाणार. अमरिलोवरून पुढे रॅटन पास ७,८३४ फूट. टर्बो नसलेलं गॅस इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद गमावतं. म्हणजे रॅटनच्या माथ्यावर जवळजवळ चौथा हिस्सा गायब. वुल्फ क्रीक पासला गेलात तर १०,८५७. तिथे गॅसवाले ४,५०० आरपीएमला किंचाळत चढतात आणि आम्ही गाणी ऐकत जातो. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावला की पाय ब्रेकवर ठेवायची गरज नाही.

घाटमाथा

किंचाळू दे, त्या इंजिनची रचनाच तशी आहे. ८,५०० पौंडांना ७.३ ची ताकद उरते. चढावर उजव्या लेनमध्ये ४५ नं गेलं तर काय बिघडलं? बाबा थांबायचंच म्हणतायत.

उतारावरचं मात्र लक्षात ठेव. कसाऱ्याला आपला एसटीचा ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, तसंच इथे. टो-हॉल (ओझं ओढायचा) मोड माथ्यावर पोचायच्या आधी चालू कर. ट्रक स्वतः खालचा गिअर धरतो. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाब, दहा मैलांनी कमी कर, सोडून दे. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर ट्रकमध्ये फॅक्टरीचाच असलेला घे. रिकाम्या पार्किंगमध्ये वीसच्या वेगात फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं दाबून बघ. ट्रेलरनं ट्रकला मागे खेचल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चाकं घासता कामा नयेत. तेवढा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) ठेव.

आणि पाटलांच्या गावचा वारा! विचिटा फॉल्स सोडलं की २८७ वर आडवा वारा येतो. वजन वाटणारा हिच डुलणं रोखायची सोय असलेलाच घे. टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं ट्रकवर येणारं वजन, १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतं. म्हणून जड सामान मागच्या टोकाला भरू नकोस.

स्वरालीची_आई

अवांतर: यलोस्टोनपर्यंत जाताय तर ग्लेशियरही कराल. तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी जाऊ देत नाहीत. म्हणजे ट्रेलर कॅम्पवर ठेवलं तरी तुमचा ट्रक आपल्या मोठ्या आरशांपायी अडकतो. शटल बघून ठेवा.

फ्रिस्कोकर_बाळू

एवढं सगळं बायकोला दाखवलं. तिनं आकडे स्वतः बेरीज करून बघितले आणि म्हणाली, ओटा लहान चालेल. तर आता जुना गॅस एफ-२५० एक्सएलटी शोधतोय. वापरलेला बघताना काय पाहायचं? आणि ट्रेलरच्या टायरचं काय? एकानं सांगितलं टायर नवे दिसतायत, काळजी नको.

नट_बोल्ट

शाबास वहिनी.

वापरलेल्यात आधी इंजिनचे तास बघ, डॅशबोर्डच्या मेनूत असतात. तास खूप आणि मैल कमी म्हणजे ट्रक कुठल्यातरी साइटवर तासन्तास आयडलवर उभा होता. असा एक तास साधारण २५ मैलांच्या झिजेबरोबर धरतात. चेसिस खालून बघ. उत्तरेकडून आलेल्या गाडीला मिठाचा गंज असतो, टेक्सासची गाडी त्या बाबतीत बरी. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून सरकारी साइटवर रिकॉल (कंपनीनं फुकट करून द्यायच्या दुरुस्त्या) राहिलेत का ते बघ. पुढेमागे डिझेल बघितलास तर 'डिलीट' केलेला, म्हणजे प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकलेला घेऊ नकोस. ते बेकायदा आहे, कितीही स्वस्त मिळो.

ट्रेलरचे टायर दिसण्यावर ओळखू नकोस. टायरच्या अंगावर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचा टायर पाच-सहा वर्षांत बदलायचा, नक्षी शाबूत असली तरी. ऊन त्याला आतून खातं. बरेच ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात, आणि आपल्या रस्त्यावर पाटी असते ७५ ची. पाटीकडे बघू नकोस. हवा सकाळी टायर गार असताना भर, अंगावर छापलेल्या कमाल आकड्याइतकी. चाकं बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर मैलांत नट टॉर्क रेंचनं परत आवळ. आणि प्रत्येक थांब्यावर बाबांना घेऊन ट्रेलरभोवती एक चक्कर मार, प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्याशी) हाताचा तळवा धर. एक हब बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक चिकटलाय, पुढे जाऊ नकोस. बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस.

घाटमाथा

आणि निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, जा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रेलर अशी तीन वजनं वेगळी मिळतात. पंधरा-वीस डॉलरचं काम. मग ट्रेलर सोडून परत एकदा. २४ तासांच्या आत दुसरं वजन स्वस्तात होतं. पावतीचा फोटो इथे टाक, टंग वेट काढून देतो.

फ्रिस्कोकर_बाळू

नक्की. शेवटचा एक प्रश्न. आमच्या एचओएमध्ये (घरमालकांच्या संघात) ट्रेलर दारात ठेवायला बंदी आहे. स्टोरेज कसं बघायचं?

पॅनहँडल_पाटील

छप्पर असलेलं बघा, नुसतं कुंपणाचं नको, गारांनी छताची वाट लागते. फाटक किती वाजता बंद होतं ते विचारा आणि आत वळायला जागा आहे का ते स्वतः जाऊन बघा. आणि ट्रकचंही मोजा. क्रू कॅब (चार दारांची), आखूड बेड (मागचा हौदा), तरी जवळपास २१ फूट. तुमच्या सबडिव्हिजनची गॅरेजं वीस फुटांची असतात.

फ्रिस्कोकर_बाळू

मोजलं. साडेएकोणीस. 😑