मदत हवी आहे: बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर न करता चालवायचंय

नमस्कार मंडळी,

मामांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, तिथले कॉम्प्युटर मी बघतो. विंडोज १०. बिलिंगचं सॉफ्टवेअर खूप जुनं, ३२ बिटचं, 'प्रोग्राम फाइल्स' मधेच एका फोल्डरमधे एक्सई (म्हणजे प्रोग्रामची मुख्य फाइल) आणि डेटा दोन्ही.

काउंटरवरच्या ताईंचं अकाउंट साधं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं ठेवलंय. साधं चालवलं तर एरर काहीच येत नाही, पण त्यांनी केलेली बिलं मला माझ्या लॉगिनमधून दिसत नाहीत! शोधल्यावर कळलं की 'प्रोग्राम फाइल्स' मधे लिहायची परवानगी नसली की विंडोज गुपचूप त्या फाइलची कॉपी त्यांच्या प्रोफाइलमधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमधे करतं आणि पुढे त्यांना तीच दाखवत राहतं. म्हणजे एकाच दुकानाच्या दोन वह्या.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं तर पासवर्ड माझ्या अकाउंटचा लागतो, मग ते माझ्या नावाने चालतं, त्यांचा झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरचा) दिसत नाही, प्रिंटर माझा डिफॉल्ट येतो, आणि एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही कारण कमी अधिकारात चालणाऱ्या विंडोतून जास्त अधिकाराच्या विंडोत विंडोज काही टाकू देत नाही.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात, ताईंना ॲडमिन करा आणि यूएसी (ॲडमिनचे अधिकार वापरण्याआधी विंडोज परवानगी विचारतं ती सोय) बंद करून टाका. मला हे अजिबात पटत नाहीये. रोज कंपन्यांच्या रेटलिस्ट एक्सेलमधे येतात, त्या याच सॉफ्टवेअरमधून उघडतात, म्हणजे एक्सेलसुद्धा ॲडमिनच्या अधिकारात चालणार आणि एखाद्या शीटमधे वाईट मॅक्रो निघाला तर नुसत्या ताईंच्या फाइली जाणार नाहीत, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) सुद्धा पुसता येतील, अँटिव्हायरस बंद पाडायचा प्रयत्न होईल. वर्षाचा हिशोब आहे त्यात, उधारी आहे शेतकऱ्यांची.

प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कुठल्या फाइलींना हात लावतो ते दाखवणारं टूल) लावून बघितलं, लिहायला अडतं ते फक्त डेटाच्या आणि इंडेक्सच्या (डेटा पटकन शोधायला लागणाऱ्या) फाइलींवर, बाकी कुठे नाही. म्हणजे ॲडमिनची खरंतर गरजच नाहीये, त्या फाइलींवर मॉडिफाय (बदलायची-पुसायची परवानगी) मिळालं की झालं. पण इंडेक्सच्या फाइली ते सारखं पुसून नव्या बनवतं, म्हणून परवानगी फोल्डरलाच द्यावी लागते, आणि अडतंय ते इथे. फोल्डरला दिली की ताईंच्या अकाउंटमधून चालणारं काहीही त्या एक्सईच्या जागी दुसरी ठेवू शकतं किंवा शेजारी खोटी डीएलएल (प्रोग्राम चालताना वापरतो ती जोड-फाइल) टाकू शकतं, आणि मी अपडेटसाठी ॲडमिन म्हणून उघडलं की ती पूर्ण अधिकारात चालेल. सी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करून हलवलं तरी तेच, तिथे सगळ्या लॉगिनना मॉडिफाय आपोआप मिळतं.

तर विचारायचंय की एक्सई एकीकडे आणि डेटा दुसरीकडे असं वेगळं करायची युक्ती कोणी केलीये का? सेटिंगमधे डेटाचा पाथ बदलायची सोय नाहीये. शॉर्टकटमधलं 'स्टार्ट इन' (प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून सुरू करायचा ते) बदलून जमतं का? आणि व्हर्च्युअलस्टोअरमधली ताईंची बिलं मूळ डेटात कशी मिसळायची? नुसती फाइल कॉपी केली तर माझ्या लॉगिनमधली बिलं पुसली जातील.

प्लीज कोणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा, दुकान चालू ठेवूनच करायचंय हे.