ओपनफोम: सिम्युलेशन चालू असतानाच कणांच्या पाथलाइन कशा मिळवायच्या?

नमस्कार मंडळी. ओपनफोम या प्रवाह-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलिंडरभोवतीचा द्विमितीय प्रवाह चालवतोय, रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) १००, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) पिम्पलफोम. व्यास १ मीटर, वेग १ मी./से., त्यामुळे भोवरे सुटण्याचा आवर्तकाल साधारण ६ सेकंद. स्ट्रीमलाइन सुचवू नका, त्या एका क्षणाचंच चित्र देतात. मला प्रत्येक कणाचा खरा मार्ग हवाय.

पॅराव्ह्यू या निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला पार्टिकल पाथ फिल्टर वापरून झाला. दर ०.०५ सेकंदाला डेटा लिहिला तर रेषा छान येतात. ०.५ वर गेलं की सिलिंडरमागे कोनेदार होतात, काही कण तर मध्येच गायब. कण सोडायचे बिंदू एम्प्टी पृष्ठांवर (द्विमितीय केसच्या पुढच्या-मागच्या बाजूंवर) नाहीत, जाडीच्या मध्यावर आहेत. वाचताना फक्त इंटर्नल मेश (सीमा वगळून आतली जाळी) घेतलाय. म्हणजे दोष बहुधा वेळेच्या अंतराचाच. पण पुढची केस त्रिमितीय आहे, तिथे इतकं लिहायला डिस्क पुरणार नाही.

म्हणून आयको-अनकपल्ड-कायनेमॅटिक-क्लाउड (सिम्युलेशन चालू असतानाच कण वाहून नेणारं ओपनफोमचं फंक्शन) लावलं. कणांची घनता द्रवाइतकीच, व्यास ०.०१ मीटर, बल फक्त स्फिअर ड्रॅग (गोल कणावरचा प्रवाहाचा रोध). प्रतिसादकाल (कणाला प्रवाहाचा वेग पकडायला लागणारा वेळ) मिलिसेकंदाहून कमी निघतो, तेव्हा कण प्रवाहासोबत जातात हे मी धरून चाललोय. क्लाउड फंक्शन्समध्ये कणांचे मार्ग नोंदवणारं पार्टिकल ट्रॅक्स आहे, ट्रॅक इंटरव्हल ५. रिसेट-ऑन-राइट (डेटा लिहिला की साठवलेला मार्ग पुसणारा पर्याय) चालू असल्याने मार्ग तुकड्यातुकड्यांत येतो.

ते बंद केलं तर लांब रनमध्ये मेमरी फुगेल का, की तुकडे नंतर जोडलेले बरे? आणि ८ प्रोसेसरवर चालवताना जोडणीसाठी कणाचा मूळ क्रमांक पुरतो, की मूळ प्रोसेसरचा क्रमांकही लागतो?