शिकार गेली, चिंबोऱ्या आहेत
१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि रानात रात्र जागवून एकत्र रांधायची मजाही गेली, अशी हळहळ काही जण करतात. सशा-डुकरांचं ठीक, पण आमच्या मुंबईतल्या गोराई-मनोरीकडे खाडी अजून आहे की, आणि तिच्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे! भरती चढायच्या आत कांदळवनाच्या कडेने जाळी लावायची, मध्ये माशाचं मुंडकं बांधायचं आणि मग नुसती एकमेकांची टर उडवत बसायचं. नांगीत बोट सापडलेल्याची तर आठवडाभर सुटका नाही. जुनी माणसं म्हणतात, अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ. यावरून दरवेळी वाद ठरलेला.

खरा मान कालवणाचा. बारीक पाय पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून गाळायचे आणि तो रस भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडायचा. मिक्सर चालेल (आई नाही म्हणेल), पण गाळणं टाळू नका, कवचाची कच दाताखाली येते. सोबत तांदळाची भाकरी. चमचा मागणाऱ्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही.

पोटाखाली अंडी धरलेली मादी मात्र परत खाडीत सोडा. लाखोंनी अंडी असतात तिच्याजवळ.