मदत हवी आहे: प्राणायामाचंही टार्गेट व्हायला लागलंय

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा, वय 34. वजन उतरवायला म्हणून धावायला लागलो, मग सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली, यवतेश्वरचा घाट दर रविवारचा झाला. इथवर ठीक होतं. वर्षभरात मात्र एक दिवस चुकला तरी छातीत धडधडतं. आज धावलो नाही, मग दुसरी पोळी कशाला, असं वाटतं. मेव्हण्याच्या हळदीच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून 16 किमी करून आलो. बायको काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अति धावण्याने पडलेली बारीक चीर. 6 आठवडे धावणं बंद. चौथ्याच रात्री सगळे झोपल्यावर मी सोसायटीचे जिने चढत होतो, पाय ठणकत असताना. ही शिस्त नव्हे, एवढं तेव्हा कळलं.

घरचे म्हणाले प्राणायाम कर. कपालभाती केली तर घालमेल वाढली. मग मोबाईलवर बघून बॉक्स ब्रीदिंग: 4 मोजत घ्या, 4 रोखा, 4 सोडा, 4 रोखा. रोखताना जीव गुदमरतो. अनुलोम-विलोम बरं वाटलं, पण आठवड्यातच काल 10 मिनिटं, आज 15, उद्या 20. पल्स 58 ची 55 झाली का? वहीत रकाने आखलेत! म्हणजे घाटाच्या जागी नाकपुड्या आल्या.

पहाटे 5 ला धावायची उबळ येते तेव्हा नेमकं काय करू? आणि न मोजता कसं करू? ‘पोहायला जा’ म्हणू नका, त्याचंही हेच होईल.

प्रतिसाद:
मी सायकलवाली, यातून गेलेय. रोखणं आधी बंद करा. श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि घाबरलेल्या माणसाला तीच गुदमर वाटते. कपालभातीही नको. श्वास सोडताना ठोके आपसूक मंदावतात, म्हणून सोडणं लांबवा. तुमच्यासाठी भ्रामरी बरी: गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि तोंडाने आकडे म्हणता येत नाहीत. अंथरुणातच करा, घड्याळ कपाटात ठेवून. उबळ गेली नाही तरी चालेल, ती असताना बूट घालायचे नाहीत एवढंच.

मला नुसत्या श्वासाने जमलं नाही, समुपदेशकाकडे जावं लागलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फुकट. आणि डॉक्टरांना जिन्याचं सांगितलंत का? ती दुसरी पोळी टाळल्याचंही सांगा. पोटाला कमी पडलं की हाडंही कमजोर होतात.

धागाकर्ता:
जिन्याचं नाही सांगितलं. शुक्रवारी दाखवायला जायचंय, तेव्हा दोन्ही सांगतो. वही बायकोकडे दिली. घड्याळ अजून हातातच आहे.