खोताची वाडी: आकाशकंदिलांच्या पलीकडे

नाताळाच्या सुट्टीत गिरगावातील खोताची वाडी पाहायला जावे, असे सुचवले जाते आणि ते योग्यच आहे. फक्त तिथली रोषणाई आणि कलकल-नेवऱ्यांसारख्या नाताळच्या गोडधोडाच्या पलीकडचे थोडे सांगावेसे वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू समाजातील गृहस्थांनी वसवलेल्या या वाडीत पुढे ईस्ट इंडियन कुटुंबांनी जागा घेऊन समोर ओसरी, बाहेरून लाकडी जिना आणि वर मंगळुरी कौले अशी घरे बांधली. हे ईस्ट इंडियन म्हणजे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, त्यामुळे वाडीला ‘पोर्तुगीज वस्ती’ म्हणणे मला तरी पटत नाही. एके काळी येथे पासष्टच्या आसपास असलेल्या जुन्या घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत.

मुंबईत 1995 साली जुन्या वास्तू जपण्यासाठी वारसा नियमावली आली, तरी नियमांनी पाडकामाला अडसर होतो, गळके छप्पर दुरुस्त होत नाही. वाळवी लागलेला सागवानी वासा बदलायचा तर जुन्या पद्धतीचे काम जाणणारा सुतार शोधण्यापासून तयारी करावी लागते, आणि तो खर्च बहुतेक वेळा घरमालकाच्याच अंगावर पडतो. उरलेली घरे टिकली आहेत ती मुख्यतः रहिवाशांच्या चिकाटीमुळे.

जाणाऱ्यांनी एवढेच पाहावे की ती ओसरी कोणाच्या तरी राहत्या घराची आहे. न विचारता तिथे बसून छायाचित्रे काढू नयेत.