क्लाऊडची तोंडओळख: फुकटात, कार्ड न देता कुठून सुरुवात करू?

हिशोबनीस: मी अकाउंट्सवाला. मीटिंगमध्ये सगळे 'क्लाऊडवर टाकू' म्हणतात आणि मी मान डोलावतो. मूळ संकल्पना कळेल असं काही सुचवा. खर्च शून्य, कार्ड नंबर देणार नाही, सर्टिफिकेट नको.

रात्रपाळी: सरळ सर्टिफिकेटचा कोर्स घ्या. माझा पगार वाढला. पैसे वसूल.

कळफलक: प्रश्न वाचा की आधी! निस्टची (अमेरिकेची सरकारी मानक संस्था) २०११ ची व्याख्या बघा, जेमतेम दोन-तीन पानं, फुकट. हवं तेव्हा मिळणं, वापराइतकीच मोजणी, गरजेप्रमाणे वाढवणं-घटवणं, सगळं आहे त्यात. सेवेचे तीन प्रकार: 'आयास'मध्ये (IaaS) नुसतं मशीन मिळतं, ऑपरेटिंग सिस्टिम तुम्ही सांभाळायची. 'पास'मध्ये (PaaS) फक्त आपला कोड चढवायचा. 'सास' (SaaS) म्हणजे उदाहरणार्थ ब्राउझरमधला ईमेल, तो तुम्ही रोज वापरताच.

जुनं_खोड: कसला क्लाऊड! दुसऱ्याचा कॉम्प्युटर भाड्याने. मेनफ्रेमवर टाइमशेअरिंग करायचो, एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायचा, ते हेच.

टर्मिनल: काका, तेव्हा शंभर मशीन उभी करून तासाभरात पाडता यायची का? २००६ मध्ये ॲमेझॉनचं ईसी२ (भाड्याने मशीन देणारी सेवा) आलं, तिथून खरी सुरुवात.

जुनं_खोड: ईसी२ ऑगस्टचं. फाइली साठवायचं त्यांचंच एस३ त्याआधी मार्चमध्येच आलं होतं. अभ्यास वाढवा.

सावळी: हिशोबनीस, फ्री टिअर (क्लाऊड कंपन्या देतात तो मर्यादित मोफत वापर) घ्या, पण जपून. आमच्या टीममधल्या एकाने मशीन 'स्टॉप' केलं आणि गेला सुट्टीवर. मशीनचं मीटर थांबलं, डिस्क आणि राखून ठेवलेल्या आयपीचं (इंटरनेटवरचा पत्ता) चालूच राहिलं. काम संपलं की 'टर्मिनेट' करा, म्हणजे मशीन कायमचं काढून टाका, वेगळी जोडलेली एखादी डिस्क मागे उरलीय का तेही बघा. बजेट अलर्ट नुसता मेल पाठवतो, बिल थांबवत नाही. आणि रूट खात्याला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याला, पहिल्याच दिवशी एमएफए (पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा) लावा.

रात्रपाळी: +१. म्हणूनच म्हणतोय, कोर्स घ्या.

घरचा_सर्व्हर: मी सेकंडहँड रॅक सर्व्हर घेऊन प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. पंख्यांच्या आवाजाने घरचे वैतागलेत, पण आपलं ते आपलं!

हिशोबनीस: आभार. कोर्स नको, फ्री टिअरवालेही कार्ड मागतायत. रॅकला जागा नाही. शेवटी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे तसंच फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि लिनक्सची दोन आभासी मशीन चालू केली. एकाला दोन जीबी रॅम, दुसऱ्याला एक. दुसरं मुद्दाम कोलमडवलं, पहिल्याला पत्ताही नाही. आता ती दोन-तीन पानं वाचतोय.

टर्मिनल: पण हा क्लाऊड नव्हे! नुसतं व्हर्च्युअलायझेशन झालं, एका मशीनची अनेक आभासी मशीन. मागणी केली की आपोआप मशीन मिळणं, मोजणी, काहीच नाही यात.

हिशोबनीस: चालेल.

जुनं_खोड: हेच आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या व्हीएम/३७० सिस्टिममध्ये १९७२ साली होतं.