उतारवयात काम झेपणे : प्रश्न वयाचा की कामाचा?

उंबरठा (धागालेखक)

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी ६० व्या वर्षी. म्हणजे ज्याने आयुष्यभर फायलींचे गठ्ठे वाहिले आणि रात्रीचे पहारे दिले, त्याने टेबलामागे बसणाऱ्या साहेबांपेक्षा दोन वर्षे अधिक राबायचे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले, आणि राज्यातही तीच मागणी अधूनमधून होत असते. दर वेळी वाद आकड्याभोवतीच फिरतो. माझ्या मते काम झेपणे जन्मतारखेपेक्षा कामाच्या स्वरूपावर, आणि त्या माणसाने आधीची तीस वर्षे कशी काढली यावर, कितीतरी अधिक अवलंबून असते.

फिनलंडमध्ये संशोधक युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासून सहा हजारांहून अधिक पालिका कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांत काहींची क्षमता घसरली, बहुतेकांची टिकली आणि थोड्यांची चक्क सुधारली. ज्यांची सुधारली, त्यांच्या बाबतीत वरिष्ठांच्या वागणुकीत झालेला चांगला बदल हा एक ठळक घटक होता. शरीराचे वय सगळ्यांचे सारखेच वाढले. फरक पडला तो इतर गोष्टींनी.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर आसामच्या चहामळ्यांचे घ्या. तेथे चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिला, त्यांच्या पानखुडणीतील वाढ चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त होती. या लोकांना आपण ‘वय झाले, हात मंदावला’ असे म्हणून मोकळे झालो असतो.

फडावरचा

धागालेखकांशी मी असहमत आहे. चष्म्याचे उदाहरण मनोहर आहे, पण ते सोपे आहे, कारण डोळ्यांना चष्मा लावता येतो आणि मणक्याला लावता येत नाही. चाळीस ते साठ या वीस वर्षांत शारीरिक ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि हे सांगणारे संशोधक तुम्ही उल्लेखिलेले इल्मारिनेनच आहेत.

बीडहून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांकडे पाहा. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि पहाटेच्या अंधारात फडात उतरलेला माणूस दिवसभर वाकून तोडतो, मोळ्या बांधतो आणि ती तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढतो. या कामात ‘जुळवून घेणे’ कुठे बसते? तोडणी यंत्रे आली आहेत, पण यंत्राने त्या मजुराचे काम हलके केले नाही, त्याचे काम काढून घेतले. येथे प्रश्न कामाचा आहे, हे मला मान्य आहे. पण त्याचे उत्तर काम बदलणे नव्हे. अशा माणसाला पन्नाशीत सन्मानाने थांबता यावे, एवढे निवृत्तिवेतन देणे हे उत्तर आहे. काम वयाला साजेसे करा, असे म्हणत राहिलो की ही जबाबदारी अलगद टळते.

उंबरठा

‘या कामात बदल शक्यच नाही’ हे वाक्य हमालांच्या बाबतीतही म्हटले जात असे. बाजार समित्यांमध्ये एकेकाळी क्विंटलभराचे पोते पाठीवर घेतले जाई. पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत आणि इतर संघटना वर्षानुवर्षे भांडल्या, तेव्हा पन्नास किलोंच्या पोत्याचा आग्रह मान्य झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची शिफारस केली होती. धान्य तेच, बाजार तोच, फक्त पोते अर्ध्यावर आले, आणि त्याने पाठीची किती वर्षे वाढली याचा हिशोब जुना हमाल कोणत्याही तज्ज्ञापेक्षा नीट सांगेल.

कारखान्यांतही हे होते. जर्मनीत डिंगोल्फिंग येथे बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये एका उत्पादन-रांगेवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले आणि कोणते बदल हवेत हे त्यांनाच विचारले. लाकडी फरशी, बसण्यासाठी खुर्च्या, वाचायला सोपी मोठी अक्षरे, भिंगे असे सुमारे सत्तर बदल झाले. एकूण खर्च चाळीस हजार युरोंच्या आसपास आला आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

मंजूर पद

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांपैकी एक आहे, त्यामुळे माझा पक्ष उघड आहे. पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला काम झेपते, याबद्दल कोणालाही शंका नाही. पण शासकीय कार्यालयात पदांची संख्या मंजूर असते, आणि एक जण दोन वर्षे अधिक बसला तर त्या जागी येणारा दोन वर्षे पुण्यातल्या अभ्यासिकेत बसतो. वयोमर्यादा मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. वडीलधाऱ्यांच्या क्षमतेचे गोडवे गाताना या खोलीभाड्याचाही विचार व्हावा.

उंबरठा

बारा विकसित देशांची आकडेवारी तपासणारे एक संकलन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्येष्ठ लवकर निवृत्त झाले म्हणून तरुणांना अधिक नोकऱ्या मिळाल्या, असे त्यात आढळले नाही. एकाने कमावले की तो खर्च करतो, आणि त्यातून दुसऱ्याचे काम निर्माण होते.

मंजूर पद

ते संपूर्ण अर्थव्यवस्थेबद्दल खरे असेल. तालुक्याच्या कार्यालयातील मंजूर पदे मात्र कोणाच्या खर्चाने वाढत नाहीत. ती शासननिर्णयाने वाढतात, आणि तसा निर्णय निघण्याची वाट पाहण्यात आमची एक पिढी गेली.

दुसरी पाळी

इथवरचे सर्व प्रतिसाद वाचले. साहेब, हमाल, परीक्षार्थी सगळे आले. कोयत्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ती बायको, केवळ ‘नवराबायको’ या शब्दापुरतीच आली. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात, फडावर शौचालय नसते, आजार अंगावर काढले जातात. अशा बाईची साठाव्या वर्षीची क्षमता तिशीतच ठरून गेलेली असते. उतारवयाचा विचार उतारवयात सुरू करणे, हीच मला या चर्चेतली मोठी चूक वाटते.

शहरातही वेगळे नाही. घरकाम करणाऱ्या बायकांचे गुडघे चाळीस-पंचेचाळिशीतच बोलू लागतात, कारण उकिडवे बसून फरशी पुसणे हे त्यांचे रोजचे काम असते. लांब दांड्याचा पोछा घ्यायला मालकिणी राजी नसतात, कारण ‘हाताने पुसलेले स्वच्छ असते’. येथे धागालेखकांचा मुद्दा मला पटतो, पण हमालांना पंचायत होती आणि यांच्यातल्या बहुसंख्य अजूनही एकेकट्या आहेत. शिवाय कामावरून परतल्यावर नातवंडे आणि अंथरुणाला खिळलेले सासरे यांचे बिनपगारी काम असतेच. पुरुषाला निवृत्तीनंतर मिळणारी विश्रांती अनेकदा याच कामावर उभी असते.

जुना टंकलेखक

बैठ्या नोकरीबद्दल थोडे लिहितो. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये टंकलेखकांवर केलेला अभ्यास माझ्या व्यवसायाचा असल्याने मला विशेष जवळचा आहे. वयस्क टंकलेखकांच्या बोटांचा प्रतिसाद मंद होता, पण टंकनाचा वेग कमी नव्हता, कारण ते मजकुरात पुढची अधिक अक्षरे आधीच वाचून ठेवत होते. अनुभव असा काम करतो. मात्र कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली की प्रशिक्षणाच्या यादीतून पन्नाशीपुढची नावे गळतात, ‘आता यांची किती वर्षे राहिली’ म्हणून. मी ज्या कार्यालयात होतो तेथेही हेच झाले. पुढे त्याच माणसाला ‘यांना जमत नाही’ असा शेरा मिळतो.

फडावरचा

टंकलेखकांचे उदाहरण ऐकायला बरे वाटते, पण सत्तरीत कोण टंकन करत राहतो? ज्याला जमते तोच. ज्यांची बोटे आखडली ते आधीच बाहेर पडलेले असतात आणि त्यांना कोणी मोजत नाही. बाजारात सत्तरीचा हमाल दिसला की लोक कौतुक करतात. त्याच्या वयाचे बाकीचे कुठे गेले, हे विचारत नाहीत. म्हणून ज्येष्ठांच्या क्षमतेच्या दाखल्यांकडे मी सावधपणे पाहतो.

दुसरे असे, की आपल्याकडे असंख्य वृद्ध काम करतात ते झेपते म्हणून नव्हे, तर थांबणे परवडत नाही म्हणून. निराधार वृद्धांसाठीच्या शासनाच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेत नाव लागायला वय ६५ पूर्ण असावे लागते, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते, आणि मिळतात महिना दीड हजार रुपये. ज्याचे शरीर फडावर पन्नाशीतच संपले, त्याने पुढची पंधरा वर्षे काय करायचे? ‘दुसरी पाळी’ यांनी दिलेले आकडे माझेच म्हणणे पुढे नेतात.

दुसरी पाळी

नाही, तसे नाही. पन्नाशीत निवृत्तिवेतन मिळाले तर मी विरोध करणार नाही, पण ते शरीर मोडून झाल्यावरची भरपाई असेल. फडावर शौचालय, खाड्याला दंड नाही, मोळीच्या वजनाला मर्यादा आणि हंगाम संपल्यावर आरोग्य तपासणी, एवढे झाले तर त्याच बाईला पंचावन्नाव्या वर्षी गावात शेळ्या पाळण्याची किंवा अंगणवाडीत स्वयंपाक करण्याची तरी ताकद उरेल. आणि यांपैकी कोणत्याही गोष्टीला तोडणी यंत्राच्या अनुदानाइतका पैसा लागत नाही.

फडावरचा

मोळीचे वजन कमी केले तर फेऱ्या वाढतील, आणि मजुरी टनावर आहे. आधी टनाचा दर वाढवावा लागेल. मग मर्यादेचे बोलू.